सुताचा नंबर आणि युनिट टेस्ट

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहणाऱ्याने १९२९ सालची एक स्पर्धा आठवावी. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी कडक होत्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत, आणि नीट देखभाल केली तर २० वर्षे चालेल असे यंत्र. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत ही झाली ॲक्सेप्टन्स टेस्ट, अख्ख्या यंत्राची. सूत कमी भरले तर दोष चातीचा, माळेचा की पेळूचा, हे तिच्यातून कळत नाही. ते कळावे म्हणून युनिट टेस्ट. पण किती लहान तुकड्याला युनिट म्हणायचे, यावर प्रोग्रॅमर अजून भांडतात.

समजा, एखाद्या खादी संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सुताचा नंबर काढणारे फंक्शन आहे. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील, तितका नंबर. १६,८०० यार्ड आणि एक पौंड दिल्यावर उत्तर २० यावे. वजन शून्य दिले तर फंक्शनने नकार द्यावा. ही अस्सल युनिट टेस्ट, डोळ्याची पापणी लवण्याआत संपणारी. तेच वजन टेस्टने डेटाबेसमधून किंवा नेटवर्कवरच्या तराजूकडून घेतले, तर हिशेब बरोबर असूनही सैल वायरीपायी ती नापास होईल. अशा टेस्टला युनिट टेस्ट म्हणू नये, असा नियम प्रोग्रॅमर मायकेल फेदर्स यांनी २००५ मध्ये मांडला. ती टाकाऊ आहे, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिचहून अटलांटाला जाताना विमानातच युनिट टेस्ट लिहिण्याच्या जेयूनिट या साधनाचा पाया घातला. बेक यांचा आग्रह होता तो एका टेस्टचा दुसरीवर परिणाम होऊ नये, याचा. फंक्शन ज्यांची मदत घेते, त्या प्रत्येक तुकड्याजागी टेस्टमध्ये नकली तुकडा बसवण्याची आजची हौस त्यामुळे अनाठायी वाटते. शंभर टक्के कव्हरेजची जाहिरातही तशीच: ओळ चालली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आणि तुकड्यांमधल्या सांध्यांचे काय? २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावले गेले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम थ्रस्टरचे आकडे पौंड-सेकंदांत देत होता, दुसरा ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. आपल्या फंक्शनला कोणी मीटर आणि ग्रॅम पाठवले, तर त्याच २० नंबरच्या सुताचा नंबर ०.०४ निघेल आणि युनिट टेस्ट मात्र पासच राहील. ती चूक पकडायला तराजूपासून पावतीपर्यंतची वेगळी टेस्ट लिहावी लागते.