शिट्टीमागचे शिक्षण : बालफुटबॉलच्या नवोदित पंचांसाठी

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना रंगतो, तेव्हा सर्वांचे डोळे चेंडूवर असतात. पंचाकडे लक्ष जाते ते बहुधा त्याची चूक झाल्यावरच. परंतु दोन्ही बाजूंच्या मुलांना सारखा न्याय मिळेल, याची हमी त्या मैदानावर त्या एकाच व्यक्तीने दिलेली असते. ही जबाबदारी पेलण्याचे शिक्षण कसे मिळते, हे आपले माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला पाठ अर्थातच नियमांचा. फुटबॉलचे नियम अवघे सतरा आहेत. 1886 साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ त्यांची जपणूक करते व आवश्यक ते बदल करते. हे बदल दरवर्षी होत असल्याने पंचाचा अभ्यास कधीच संपत नाही. मुलांच्या सामन्यांत मैदानाचा आकार, चेंडूचा आकार व वजन, खेळाचा कालावधी आणि बदली खेळाडूंची पद्धत यांत सवलत देण्याची मुभा राष्ट्रीय संघटनांना आहे. म्हणून सामन्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली वाचणे, हे नवोदित पंचाचे पहिले कर्तव्य होय.

नियम पाठ करणे सोपे, त्यांचा अर्थ लावणे अवघड. उदाहरणार्थ, ऑफसाइडच्या जागी नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही. सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी खेळाडू त्या जागी असेल आणि पुढे त्याने खेळात प्रत्यक्ष भाग घेतला, तरच शिट्टी वाजवायची. थ्रो-इन, गोल किक व कॉर्नर किक यांवरून थेट आलेल्या चेंडूला तर हा नियम लागूच होत नाही. प्रतिस्पर्ध्याला पाडणे, ढकलणे अशा प्रसंगांच्याही तीन पायऱ्या आहेत. कृती केवळ निष्काळजीपणाची असेल तर फ्री किक पुरेशी. प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करता ती केली असेल तर पिवळे कार्ड. आणि अवाजवी बळ वापरून त्याची सुरक्षितता धोक्यात आणली असेल तर लाल कार्ड. ही कार्डे विश्वचषकात प्रथम 1970 साली मेक्सिको येथे आली. बारा वर्षांच्या मुलाचा पाय उशिरा पडतो तो पुष्कळदा तोल सांभाळता न आल्यामुळे. तेथे फ्री किक देऊन दोन शब्द समजावून सांगितले, तर बहुधा कार्डाची गरज उरत नाही.

दुसरा पाठ शरीराचा. पंचाने मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरप्या रेषेत धावावे, म्हणजे खेळ त्याच्या व साहाय्यक पंचाच्या मध्ये राहतो. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय इंग्लंडचे पंच स्टॅन्ली राऊस यांना दिले जाते. संकेतही सरावाने अंगी बाणावे लागतात. अप्रत्यक्ष फ्री किकच्या वेळी हात डोक्यावर सरळ उंच धरायचा आणि चेंडूला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत खाली आणायचा नाही. शिट्टीचीही एक भाषा असते. साध्या चुकीला आखूड, गंभीर चुकीला जोरकस. मुलांना तिचा सूर पटकन कळतो.

तिसरा पाठ मनाचा. तो मला माझ्या पहिल्याच सामन्यात मिळाला. चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता. चेंडू आडव्या खांबावर आदळून गोलरेषेजवळ पडला व बाहेर आला. मी धावण्यात मागे पडलो होतो. साहाय्यक पंचाकडे न पाहताच मी गोल दिला आणि मध्यावरून खेळ सुरू केला. पुढे खेळ थांबला तेव्हा साहाय्यकाने सांगितले, चेंडू रेषेवरच पडला होता. संपूर्ण चेंडूने रेषा ओलांडल्याखेरीज गोल होत नाही. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो निर्णय बदलताही येत नाही. त्या एका गोलाने तो संघ हरला. सामना संपल्यावर त्यांचा छोटा गोलरक्षक जवळ येऊन म्हणाला, “सर, चेंडू खरंच आत गेला होता का?” मी म्हणालो, “नाही बाळा, चूक माझी झाली.” निर्णय फिरवणे नियमात बसत नव्हते, खरे बोलण्यास मात्र नियमाची आडकाठी नव्हती. तो मान हलवून निघून गेला. तेव्हापासून गोलची खूण करण्यापूर्वी साहाय्यकाकडे एक नजर टाकल्याशिवाय माझा हात उठत नाही.

येथे पालकांना एक नम्र विनंती. बालसामन्यांचा पंच पुष्कळदा स्वतःच सोळा-सतरा वर्षांचा असतो. रेषेबाहेरून होणारी आरडाओरड त्याच्या कानी पडते, तशीच ती आपल्या पाल्याच्याही कानी पडते. पहिल्याच हंगामात अपमान वाट्याला आलेला पंच पुन्हा शिट्टी हाती घेण्यापूर्वी दहादा विचार करतो. आणि पंचच उरले नाहीत, तर सामने व्हायचे कसे?

ज्यांना हे शिक्षण घ्यावयाचे असेल, त्यांनी आपल्या जिल्हा फुटबॉल संघटनेकडे चौकशी करावी. महाराष्ट्रात राज्यपातळीवरील काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. नियमांची परीक्षा, धावण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष सामन्यातील सराव, हे या शिक्षणाचे मुख्य भाग होत. मुलींनीही मागे राहू नये. 2022 च्या कतार विश्वचषकात कोस्टा रिका व जर्मनी यांच्या सामन्याला फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार मुख्य पंच होत्या. पुरुषांच्या विश्वचषकात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला.

सामानही फारसे लागत नाही. शिट्टी, घड्याळ, नाणे, वही-पेन्सिल आणि दोन कार्डे एवढ्यावर भागते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी जरी ही शिट्टी हाती घेतली, तरी शाळेच्या सामन्यांना बाहेरून पंच शोधत फिरावे लागणार नाही, आणि धाकट्या मुलांना निःपक्षपातीपणा म्हणजे काय, हे मैदानावरच पाहावयास मिळेल.