दिवा आणि सुई

तांबड्या प्रकाशाच्या दिव्याने मधुमेहाची बधिरता जाते काय, आणि तसे असल्यास इन्सुलिनची सुई सोडली तर चालेल काय, असा प्रश्न उज्जयिनीतील आमच्या कुटुंबांतून आम्हांस विचारला जातो. प्रश्न जिवाचा आहे; म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतूंस व त्यांस पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस इजा पोहोचते. प्रथम पावलांस मुंग्या येतात, आग होते. पुढे स्पर्शच कळेनासा होतो. वैशाखात क्षिप्रेच्या घाटावरील तापलेल्या फरशीवर असा मनुष्य अनवाणी चालला, तर पाय भाजल्याचेही त्यास भान नसते. जखम चिघळते व प्रसंगी पाय कापावा लागतो. उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोकाही अशा रुग्णांस अधिक असतो.

प्रकाशोपचार हे थोतांड नव्हे. त्वचेच्या क्षयावर प्रकाश योजणारे डॉ. नील्स फिन्सेन यांस 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहींच्या काही लहान चाचण्यांत प्रकाशाने वेदना कमी झाल्याचेही दिसले आहे. परंतु 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 69 मधुमेहींपैकी काहींस खरा व काहींस हुबेहूब खोटा दिवा दिला. पावलांच्या संवेदनेत दोहोंत फरक आढळला नाही. मेंदूवरील परिणामांचे संशोधन तर अद्याप बाल्यावस्थेत आहे.

इन्सुलिनची गोष्ट निराळी. 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे 14 वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलास ते प्रथम टोचण्यात आले आणि पुढे त्याच औषधावर तो आणखी तेरा वर्षे जगला. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, इन्सुलिनने साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवणाऱ्यांत मज्जातंतूंचा विकार सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळला.

तेव्हा दिवा घ्यावयाचा तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, सुईच्या जोडीस. सुईच्या जागी कदापि नव्हे. बधिर पावलास शेक देऊ नये. माळव्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिन उन्हापासून जपावे. उपवासकाळात आजाऱ्यांस पवित्र सभेने सूट दिलेली आहे. ती निःसंकोच घ्यावी.

आणखी एक. वृद्धांस स्वतःचे तळवे नीट दिसत नाहीत. सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर घरातील कोणी तरी त्यांची पावले धुवावीत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि फोड वा जखम आहे काय ते पाहावे. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या लेकरांस हे काम हलके वाटू नये.