दोन बाटल्या, एक साचा आणि पुष्कळ गैरसमज

दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयात भरणाऱ्या कुठल्याही प्रदर्शनात हल्ली रेझिनच्या दागिन्यांचे दोन-तीन स्टॉल असतातच. पारदर्शक थेंबात अडकलेलं पिवळं फूल, सोनेरी वर्खाचे कण, निळ्या-पांढऱ्या लाटांचं पेंडंट. गिऱ्हाईक बाई ते हातात घेतात, उजेडाला धरून बघतात आणि म्हणतात, "हे तर घरीसुद्धा होतं ना? मी रीलमध्ये बघितलंय." होतं, घरीच होतं. पण रीलमधून जे कापून टाकलेलं असतं त्यातच या कामाचं रसायन असतं आणि हिशोबही. गैरसमजांची पैदास तिथेच होते, आणि ते करणाऱ्यांमध्ये जितके आहेत तितकेच घेणाऱ्यांमध्येही आहेत.

सुरुवात "मिसळायचं, ओतायचं, वाळलं की काढायचं" या मंत्रापासून करू. रेझिन वाळत नाही. वाळण्यात पाणी किंवा थिनर उडून जातो, इथे काहीच उडून जायचं नसतं. दागिन्यांसाठी बहुतेक जण इपॉक्सी वापरतात. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर, म्हणजे अमाइन जातीची रसायनं. दोन्ही एकत्र आली की त्यांचे रेणू एकमेकांशी कायमचे जोडले जातात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. त्यामुळे पंखा लावून काम लवकर होत नाही, फक्त ओल्या रेझिनवर धूळ बसते. साच्यातून वस्तू साधारण चोवीस तासांत निघते, पण ती पूर्ण कडक व्हायला कंपनीनुसार तीन दिवसांपासून आठवडाभर लागतो. "परवा बारसं आहे, उद्या द्याल का?" या प्रश्नाला इपॉक्सीच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच आहे.

उष्णतेचं प्रकरणही हलक्यात घेऊ नये. साच्यात पातळ थर असतो तेव्हा ती जाणवत नाही. पण एकदम पाव किलो मिश्रण कपात कालवून फोनवर बोलत बसलं, तर कप हातात धरवेनासा होतो, मिश्रण धुरकटतं आणि गोळा होऊन बसतं. लागेल तेवढंच कालवायचं ते यासाठी.

आता माप. स्वयंपाकात अंदाज चालतो, इथे चालत नाही. कुठल्या कंपनीचं प्रमाण १:१, कुणाचं २:१, कुणाचं ३:१. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते प्रमाण मापाचं आहे की वजनाचं, हे बाटलीवर वाचायला हवं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. मापाने दोनास एक असलेलं मिश्रण वजनकाट्यावर शंभर ग्रॅमला पन्नास नसून साधारण बेचाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास पडतं. काट्यावर पन्नास घालणाऱ्यांचे झुमके मग आठवड्यानंतरही नखाने दबतात. "थोडं हार्डनर जास्त घातलं की लवकर सेट होतं" हा याच घरातला दुसरा गैरसमज. रेझिनच्या रेणूंना जोडीला जितके हार्डनरचे रेणू लागतात तितकेच वापरले जातात. उरलेले आतच राहतात आणि वस्तू मऊ, चिकट, वाकणारी होते. ती दुरुस्त होत नाही, टाकून द्यावी लागते. दोन मिनिटं घाईने ढवळलं आणि कपाच्या कडेचं, तळाचं रेझिन खरवडून घेतलं नाही, तरी हाच प्रकार, फक्त ठिपक्याठिपक्यांनी.

आपल्याकडे या सगळ्यात पावसाची भर पडते. परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्यांना ती कुणी सांगत नाही. हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, आणि वस्तूवर मेणचट थर येतो किंवा ती दुधाळ होते. गंमत अशी की या धंद्याचा मोठा हंगाम नेमका तेव्हाच असतो. राख्यांची ऑर्डर आषाढ-श्रावणात, मग मंगळागौर, मग गणपती. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये खिडकी उघडून ओतकाम करणं म्हणजे माल फुकट घालवणं, आणि बंद खोलीत केलं तर वाफा कोंडतात. जाणत्या बायका राख्यांचं ओतकाम मे महिन्यातच उरकतात आणि पावसाळ्यात फक्त दोरे, मणी, पॅकिंग करतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत उलट अडचण: रेझिन घट्ट होतं, बुडबुडे वर येत नाहीत. त्यासाठी बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात उभी ठेवली की भागतं. बुडबुड्यांवर टॉर्च फिरवायचा सल्लाही सगळीकडे मिळतो. लाकडी पाटावर तो ठीक आहे, पण सिलिकॉनच्या साच्यावर ज्योत फिरवली की साचा गेला.

यूव्ही रेझिनने हे सगळे प्रश्न सुटतात, असंही म्हणतात. काही सुटतात. ते एकाच बाटलीत येतं, नखांच्या दिव्याखाली काही मिनिटांत कडक होतं, पावसाचा त्रास कमी. पण प्रकाश पोचेल तेवढंच ते पिकतं. गडद किंवा अपारदर्शक रंग घातला, जाड थर दिला, तर वरून काच आणि आत चिखल. दोन-तीन मिलिमीटरचे थर देत जायचं हाच त्यावर उपाय.

फुलांबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथे होतो. "रेझिनमध्ये घातलं की फूल कायम ताजं राहतं." ताजं फूल घातलं तर ते राहत नाही. पाकळीतलं पाणी आत कोंडतं, भोवती बुडबुडे येतात, पाकळ्या तपकिरी होतात. फूल आधी पूर्ण सुकवावं लागतं: चपटं हवं असेल तर जाड पुस्तकात टिपकागदामध्ये दोन-तीन आठवडे, आकार टिकवायचा असेल तर सिलिका जेलमध्ये पुरून. सुकवलं तरी प्रत्येक फुलाचा रंग टिकतो असं नाही. मोगरा पिवळट-तपकिरी होतो. लाल गुलाब काळपट मरून होतो. नेच्याची पानं आणि जिप्सोफिलाची बारीक फुलं छान राहतात. लग्नातली वरमाला जपून देण्याच्या ऑर्डरी हल्ली फार येतात. त्या घेतानाच "रंग जसाच्या तसा राहणार नाही" हे लिहून द्यावं. नंतर भांडण होण्यापेक्षा आधी वाईट वाटलेलं बरं.

रेझिन स्वतःही कायम स्वच्छ राहत नाही. ऊन लागत राहिलं की इपॉक्सी हळूहळू पिवळं पडतं. 'यूव्ही रेझिस्टंट' लिहिलेल्या बाटलीतली द्रव्यं हा वेग कमी करतात, थांबवत नाहीत. दागिना डबीत राहिला तर वर्षानुवर्षं चांगला दिसतो, खिडकीत टांगलेला लवकर रंग बदलतो. आणि एक, साधं क्राफ्ट रेझिन साधारण पन्नास-साठ अंशांना नरम पडू लागतं. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं पेंडंट वाकडं होऊन मिळालं तर त्यात करणाऱ्याचा दोष नाही. पण याच कारणाने रेझिनची पणती किंवा मेणबत्तीचा स्टँड 'दिवा लावा' म्हणून विकणं बेजबाबदारपणाचं आहे. इपॉक्सी पेटतं.

"आमच्या रेझिनला वास नाही, म्हणजे ते सुरक्षित आहे." हा सगळ्यात धोक्याचा गैरसमज. या कामात मोठं संकट नाकातून येण्यापेक्षा कातडीतून येतं. कच्चं रेझिन आणि हार्डनर पुनःपुन्हा बोटांना लागत राहिलं की शरीर त्याच्याविरुद्ध उठतं: खाज, पुरळ, बोटांमध्ये भेगा, पापण्यांना सूज. हे पहिल्या दिवशी होत नाही. कित्येक महिने काहीच होत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि मग अगदी थोडा संपर्कही पुरतो. हौसेने धंदा उभा केलेल्यांना तो यापायी सोडावा लागतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, दरवेळी नवे. हाताला लागलंच तर साबण-पाणी. थिनर किंवा स्पिरिटने पुसलं तर ते कातडीत आणखी जिरतं. एन-९५ मास्क घासताना उडणारी धूळ अडवतो, वाफा अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. घासायचं ते पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने, म्हणजे धूळच उडत नाही. स्वयंपाकघराचा ओटा, तिथली वाटी-चमचे आणि लहान मूल, तिन्ही या कामापासून लांब.

पूर्ण पिकलेलं रेझिन मात्र कानात घालायला निर्धोक असतं. मग "रेझिनचे टॉप्स घातले आणि कान सुजला" ही तक्रार कुठून येते? बऱ्याचदा दोष हुकाचा असतो. धातूंच्या ॲलर्जीत निकेलची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते, आणि स्वस्त हुकांत निकेल असतं. इथे 'जर्मन सिल्व्हर' या नावाने पुष्कळांची फसगत होते. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. म्हणजे ज्याचा कान निकेलने सुजतो त्याने नेमकं तेच घातलेलं असतं, चांदी समजून. चांदी हवी तर ९२५ शिक्का आणि हॉलमार्क पाहावा. नाहीतर टायटॅनियम घ्यावं. स्टॉलवर विकणाऱ्याला हुकाचा धातू सांगता आला पाहिजे. "चांगल्या क्वालिटीचा आहे" हे उत्तर नव्हे.

'नैसर्गिक, पर्यावरणपूरक' हे लेबल तर सर्रास दिसतं. झाडाची राळ, लाख ही नैसर्गिक रेझिनं खरीच, पण बाटलीतल्या इपॉक्सीचा त्यांच्याशी संबंध नाही. ते मुख्यतः खनिज तेलातून आलेलं प्लॅस्टिक आहे. काही कंपन्या त्यातला काही भाग वनस्पतींपासून बनवतात, तेवढ्याने ते मातीत विरघळत नाही. शिवाय एकदा कडक झालं की पुन्हा वितळवता येत नाही, म्हणून पुनर्वापरही नाही. आत खरं फूल आहे म्हणून दागिना नैसर्गिक होत नाही. उरलेलं कच्चं मिश्रण बेसिनमध्ये न ओतता कपातच कडक होऊ द्यावं आणि मग कचऱ्यात टाकावं, इतकं तरी करावं.

समुद्राची थीम करणाऱ्यांसाठी एक इशारा. किनाऱ्यावर सापडलं म्हणजे आपलं, असं नाही. प्रवाळखडक बनवणारे प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणहून किंवा गोव्याहून पिशवीत आणलेला प्रवाळाचा तुकडा पेंडंटमध्ये घालून विकणं गुन्हा ठरू शकतो. तसंच कार्टूनची पात्रं आणि क्रिकेट संघांचे लोगो. "हाताने बनवलंय, मग काय हरकत?" हरकत त्या चित्राच्या मालकाची असते.

आता पैसे. "वीस रुपयांचा माल अडीचशेला विकतात," असं स्टॉलपासून दोन पावलं पुढे गेल्यावर म्हटलं जातं. रेझिनपुरतं बघितलं तर वीसही नाहीत. समजा किलोला १,२०० रुपये पडले आणि जोडीला सहा ग्रॅम लागलं, तर रेझिन सात रुपयांचं. हूक आणि कड्या तेरा, कार्ड आणि पाऊच दहा, रंग, पॉलिश पेपर आणि साच्याची झीज दहा. झाले चाळीस. साच्याची झीज कुणी धरत नाही, पण सिलिकॉनची चकाकी ओतता ओतता जाते आणि मग वस्तू मंद निघतात. पुढे कडा घासणं, भोक पाडणं, वरून चकाकीचा थर देणं, हूक लावणं: जोडीमागे वीस मिनिटं धरली आणि तासाला १२० रुपये, तर आणखी चाळीस. बिघडलेल्या मालाचे दहा. खर्च नव्वद, विक्री २५०, उरले १६०. दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ४,००० आणि रिक्षा, जेवण ८०० धरले, तर पहिल्या तीस जोड्या फक्त प्रदर्शनवाल्यासाठी विकल्या. एकतिसावी जोडी आपली. त्यात "दोन घेतले तर किती?" म्हणत प्रत्येकी पन्नास सोडले, तर तीसच्या जागी चव्वेचाळीस जोड्या विकाव्या लागतात. माझ्या मते पहिल्या वर्षी महागड्या स्टॉलच्या मागे लागूच नये. सोसायटीचं छोटं प्रदर्शन, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाच्या वाणाची पन्नास नगांची एकगठ्ठा ऑर्डर, यात नफा लहान पण भाड्याचा डोंगर नसतो.

मोठ्या जत्रांचे दरवाजे सगळ्यांना सारखे उघडे असतात, हेही खरं नाही. मुंबईचं महालक्ष्मी सरस मुळात ग्रामीण बचत गटांच्या मालासाठी भरतं. शहरातल्या एकट्या कारागिराने तिथल्या स्टॉलवर भिस्त ठेवू नये.

कागदपत्रांची धास्तीही निष्कारण. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आयोजक नंबर मागतील, तो त्यांचा नियम. परराज्यात स्टॉल लावायचा तर आधी कर सल्लागाराला विचारावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर ती सरकारी फी नव्हे.

आणि घेणाऱ्यांनो, पुढच्या प्रदर्शनात पन्नास रुपये कमी करून मागण्याआधी दोन प्रश्न विचारा: हूक कशाचा आहे, आणि साच्यातून काढून किती दिवस झाले? जिला ही दोन्ही उत्तरं सांगता येतात, तिला सांगितलेली किंमत द्या.