जमाबंदी पाहणारा कादंबरीकार : कर्नल मेडोज टेलर

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून जावळीच्या रानातून दक्षिणेकडे उतरणारी कोयना आज कोयनानगरच्या धरणाने अडवली गेली आहे आणि तिच्या खोऱ्याचा फार मोठा भाग शिवसागराच्या पाण्याखाली विसावला आहे. परंतु या जलाशयाच्याही वर, प्रतापगडच्या पायथ्याशी, पार गावाजवळ हीच नदी शिवकालीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दगडी पुलाखालून अजून मोकळी वाहते, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाच्या फौजेचा तळ पडला होता तो याच परिसरात. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चे नाव घेतले जाते आणि तिचा आरंभ १८७१ सालचा आहे. त्याच्या आठ वर्षे आधी, १८६३ मध्ये, विलायतेत ‘तारा’ नावाची तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध झाली होती आणि जावळीच्या खोऱ्यातील अफजलखानाच्या वधाचा भयंकर प्रसंग हाच तिचा उत्कर्षबिंदू होता. तिचे कर्ते कर्नल फिलिप मेडोज टेलर एके काळी विलायतेत मोठ्या आवडीने वाचले जात. आज त्यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे क्वचितच कोणाच्या ओठी येते.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. व्यापारात नशीब काढावे म्हणून वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी त्यांना मुंबईस धाडण्यात आले. पण ज्या पेढीच्या भरवशावर ते आले तिचीच स्थिती डबघाईची निघाली, आणि १८२४ मध्ये त्यांनी हैदराबादच्या निजामाच्या फौजेत चाकरी पत्करली. या एका घटनेने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. कंपनी सरकारच्या सनदी अधिकाऱ्यांना मिळणारी बढती, मान आणि पगार यांना ते कायमचे अंतरले, परंतु त्या अधिकाऱ्यांना जे सहसा लाभत नसे ते त्यांना लाभले : एकाच मुलखात वर्षानुवर्षे राहणे, तेथील भाषा शिकणे, आणि कारकुनाच्या मध्यस्थीवाचून रयतेची फिर्याद तिच्याच तोंडून ऐकणे. कायदा, भूमापन, स्थापत्य, चित्रकला हे सारे त्यांनी बहुतांशी स्वतःच्या मेहनतीने संपादन केले.

त्यांना कीर्ती मिळवून देणारे पुस्तक मात्र ‘तारा’ नव्हे, तर १८३९ साली निघालेली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी. तिचे बीज मराठवाड्यातील हिंगोलीच्या छावणीत पडले. १८३२ च्या सुमारास टेलर तेथे असताना ठगांच्या जबान्या होऊ लागल्या, छावणीच्या आसपासची जमीन खणून प्रेते वर काढली गेली, आणि हिंगोलीच्या बाजारातील हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी स्वतःच ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने टेलर यांच्याकडे रीतसर परवाना मागितला होता; दुसरा एक व्यापारी तोच माल घेऊन वाटेवर आहे हे त्याला ठाऊक होते; त्याने त्या व्यापाऱ्याला माणसांसह ठार केले, सरकारी परवाना दाखवीत तो माल हिंगोलीस आणला, आणि छावणीतच तो उघडपणे विकला. ज्या माणसाशी रोजचा व्यवहार, त्याच माणसाचे हे दुसरे रूप पाहून टेलर यांना जो धक्का बसला, तोच त्यांच्या कादंबरीचा प्राण आहे. कादंबरीतील अमीर अली एका साहेबासमोर आपली हकिकत शांतपणे, किंबहुना अभिमानाने सांगत जातो, आणि वाचक त्या कथनात इतका गुंतत जातो की आपण खुन्याच्या बाजूने विचार करू लागलो आहोत हे त्याला फार उशिरा उमगते. राणी व्हिक्टोरियाने या पुस्तकाची मुद्रिते वाचावयास मागवली होती. ठगीविषयीची तत्कालीन इंग्रजी समजूत अतिरंजित होती, असा आक्षेप अलीकडचे काही इतिहासकार घेतात आणि तो विचारात घ्यावयास हवा. परंतु त्यामुळे या निवेदनाचे सामर्थ्य कमी होते, असे मला वाटत नाही.

१८४१ पासून बारा वर्षे सुरपूर संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे होता. तेथील बालराजा व्यंकटप्पा नायक त्यांना ‘अप्पा’ म्हणे. १८५८ च्या बंडात हाच राजा पकडला गेला, आणि ज्याला लहानाचा मोठा होताना पाहिले त्याची बंदिवासात भेट घेण्याची वेळ टेलर यांच्यावर आली. पुढे राजाचा अंत पिस्तुलाच्या गोळीने झाला. आत्मचरित्रातील ही पाने वाचताना एक कर्तव्यनिष्ठ अंमलदार आणि एक शोकाकुल पालक अशी दोन माणसे एकाच देहात कशी कोंडली गेली होती, ते दिसते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ मात्र नळदुर्गचा. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखापैकी हा जिल्हा टेलर यांच्या हवाली झाला. बोरी नदीचे पाणी अडवून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या अमदानीत नळदुर्गच्या किल्ल्यात जो बांध घातला गेला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात सांडव्यांवरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात, आणि त्यांच्या आड, बांधाच्या गाभ्यातील दालनात, माणूस कोरड्या अंगाने उभा राहू शकतो. अशा स्थळाच्या सान्निध्यात राहून टेलर यांनी जमिनीची पाहणी केली, जमाबंदी बसवली, रस्त्यांचे काम हाती घेतले. जवळच तुळजापूर, आणि ‘तारा’ची नायिका त्याच तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची बालविधवा कन्या, भवानीच्या सेवेला वाहिलेली. घराची मांडणी, पूजेचा क्रम, सासुरवास, सावत्रपणाची धग, देवळातील पुजाऱ्यांचे हेवेदावे यांची वर्णने करताना त्यांची लेखणी कोठे अडखळत नाही, कारण ही माणसे त्यांनी कचेरीत आणि गावच्या पारावर वर्षानुवर्षे ऐकलेली होती. इंग्रज पात्राला मध्यभागी बसवून भोवती हिंदुस्थान रंगवण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिचा या कादंबरीत मागमूसही नाही.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्यांची साखळी गुंफण्याच्या हौसेपायी त्यांनी १६५९ चा प्रसंग दोन वर्षे मागे ओढला. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाने खानाच्या वधाला विश्वासघाताचा जो रंग दिला होता, तोच येथेही कायम राहिला. वाईत सापडलेल्या दफ्तरांवरून इतिहासकार राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो १८९८ मध्ये; मराठी कागदांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास तपासण्याची ती शिस्त टेलर यांना उपलब्धच नव्हती, हे खरे. तरीही शिवाजीमहाराजांच्या राजकारणामागील ध्येय त्यांच्या आवाक्यात आले नाही असेच म्हणावे लागते, आणि खानाच्या मुलाने ताराला सतीच्या चितेपासून सोडवून तिच्याशी विवाह करावा हा शेवट विलायती वाचकाच्या रुचीला शरण गेलेला आहे.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते मायदेशी परतले. १८७५ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या आमंत्रणावरून पुन्हा हैदराबादेस आले, तापाने खंगले, आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे निवर्तले. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केले. ठगाची कादंबरी १९१६ मध्ये ऑक्सफर्डच्या अभिजात ग्रंथमालेत आली खरी, पण तोवर वाचकांच्या मनातील हिंदुस्थान किपलिंगने व्यापून टाकला होता, आणि तीन-तीन खंडांच्या संथ कादंबऱ्यांना फुरसत देणारी पिढी मागे पडली होती. ‘तारा’चे ग्रँट डफवर विसंबलेले प्रकरण आज कोणी प्रमाण मानू नये, तुळजापूरच्या घरातील प्रकरणे मात्र, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मराठी गृहस्थी बाहेरच्या माणसाला कशी दिसली त्याचा दाखला म्हणून, आमच्या अभ्यासक्रमांत ‘मोचनगड’च्या शेजारी ठेवून वाचली जावीत इतकी ती भरघोस आहेत.