पवनचक्कीमागे वर्षाला अर्धा पक्षी: या सरासरीत काय बसत नाही

एका पवनचक्कीमागे वर्षाला ०.४७८ पक्षी मरतात, हा कच्छमधल्या सामखियाळीचा आकडा. कर्नाटकातल्या हरपनहळ्ळीत तो ०.४६६ आहे. सामखियाळीत तीन वर्षांत ४७ मृत पक्षी सापडले, किमान ११ जातींचे. हरपनहळ्ळीत एका वर्षात ७ सापडले, किमान ३ जातींचे. या दराने हजार पवनचक्क्यांमागे वर्षाला पावणेपाचशेच्या आसपास पक्षी मरतात. मृत पक्ष्यांच्या मोजणीत एक उणीव नेहमीची: कुत्री आणि कोल्हे रातोरात जे उचलून नेतात, ते हिशेबात येत नाही. तरीही आकडा लहानच राहतो.

मुंबईतल्या चारकोपच्या रहिवाशाचा या आकड्याशी संबंध वीजबिलातून येतो. पश्चिम उपनगरांना वीज पुरवणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीच्या पुरवठ्यात अक्षय ऊर्जेचा वाटा ऑक्टोबर २०२३ मध्ये ३८ टक्क्यांवर पोचला. २०२७ चे उद्दिष्ट ६० टक्के आहे. यामागे जैसलमेर जिल्ह्यातला ७०० मेगावॉटचा पवन-सौर प्रकल्प आहे. त्याच्याशी झालेला करार २५ वर्षांचा आणि दर युनिटला ३ रुपये २४ पैसे. देशभरात २०२३-२४ मध्ये ३,२५३ मेगावॉट नवी पवनऊर्जा क्षमता उभी राहिली, २०२४-२५ मध्ये ४,१५१. वाढ जवळपास २८ टक्के, आणि एकूण क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे. कोळशाच्या जागी ही वीज यायला हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न तिच्या जागेचा आहे.

पवनऊर्जेच्या बाजूने अमेरिकेचे आकडे नेहमी दिले जातात. तिथे मांजरी वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, इमारतींवर आपटून ३६.५ ते ९८.८ कोटी मरतात आणि पवनचक्क्यांमुळे १.४ ते ३.२८ लाख. आकडे खरे आहेत, पण तुलना अपुरी आहे. मांजर चिमणीएवढा पक्षी मारते, गरुड मारत नाही. चिमणीची जोडी एका हंगामात अनेक पिल्ले वाढवते. मोठ्या शिकारी पक्ष्याला प्रजननाच्या वयात यायलाच काही वर्षे लागतात. पवनचक्क्यांनी वटवाघळेही मरतात, आणि त्यांची मादी बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते. त्यामुळे मृत्यूंची संख्या सारखी असली तरी दोन जातींचे नुकसान सारखे नसते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जैसलमेरमध्येच आहे. माळढोकचा अखेरचा मोठा अधिवास याच जिल्ह्यात आहे, आणि तिथे धोका पात्यापेक्षा तारेचा जास्त. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर वीजवाहिन्या वर्षभरात सात वेळा तपासल्या. ४ माळढोक मेलेले सापडले, चारही उच्चदाबाच्या तारांमुळे, आणि यांतल्या काही तारा पवनचक्क्यांना जोडणाऱ्या होत्या. यावरून संस्थेचा अंदाज असा की तिथल्या सुमारे १२८ माळढोकांपैकी १८ दरवर्षी तारांनी मरत असावेत, म्हणजे १४ टक्के. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे समोरची तार त्याला उशिरा दिसते. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते, त्यामुळे ऐनवेळी वळणे त्याला जमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरसाठीचा तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य याच पक्ष्यासाठी जाहीर झाले होते. आज महाराष्ट्रातून तो जवळपास गेलेला आहे.

साताऱ्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा आकडा वेगळ्या प्रकारचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. तिथल्या पवनचक्क्या अभ्यासाच्या वेळी १६ ते २० वर्षे जुन्या होत्या. भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी ठेवून मोजला. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पवनचक्क्यांच्या भागात तिसा, कापशी घार यांसारखे शिकारी पक्षी जवळपास चार पटींनी कमी. इथे मृत पक्षी मोजून भागत नाही. जो पक्षी पठारावर येतच नाही, तो ०.४७८ मध्ये कुठून येणार?

पुढची नोंद सरड्यांची. या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, नराच्या गळ्याशी निळा, काळा आणि नारिंगी पंखा उलगडणारा ‘सरडा सुपर्बा’ राहतो. शास्त्रात त्याची नोंद २०१६ मध्येच झाली. शिकारी कमी झाले तिथे सरड्यांची दाटी वाढली. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नाहीत, आणि डिवचल्यावर रक्तात वाढणारे ताणाचे संप्रेरकही कमी वाढते. पण दाटीमुळे अन्नासाठी स्पर्धा वाढली: अंगकाठी रोडावली, गळ्याचे रंग फिके पडले. सरड्याचे भक्ष्य असलेल्या किड्यांपर्यंत हा परिणाम जात असणार. पवनचक्कीचे पाते या सरड्याला कधी शिवलेलेही नाही.

धडक कमी करण्याचे उपाय मोजलेले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात रात्री मंद वाऱ्यात पाती थांबवून ठेवली, तेव्हा वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले; वर्षभरातल्या वीजनिर्मितीत तूट १ टक्क्याच्या आत. नॉर्वेच्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७१.९ टक्क्यांनी कमी झाले. मात्र तो प्रयोग फक्त चार पवनचक्क्यांवरचा आहे.

चाळकेवाडीला यातला कोणताही उपाय पुरत नाही, कारण तिथला बदल संपूर्ण अधिवासाचा आहे. तो टाळायची वेळ असते ती पठार निवडण्यापूर्वीची. पण २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. जमीन वनखात्याची किंवा अभयारण्यातली नसेल, तर पवनचक्क्या उभारण्यापूर्वी तिथले पक्षी मोजण्याचे बंधन या अधिसूचनेने कोणावरही येत नाही. साताऱ्याच्या सड्यांसारख्या जागांसाठी निदान एका वर्षाची, सर्व ऋतूंतली पूर्वमोजणी सक्तीची व्हावी आणि तिचे आकडे सर्वांना पाहता यावेत. हा खर्च वीजदरात धरला, तर ३ रुपये २४ पैशांत काही पैशांची भर पडेल, आणि ती चारकोपच्या ग्राहकाने द्यायला हरकत नाही.