आबिड्स ते कोटी : मुलींच्या कॉलेजची शंभर वर्षं

हैदराबादच्या आबिड्सला हे नाव एका दुकानावरून पडलं. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत असलेल्या अल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थाचं ते दुकान. दुकान केव्हाच गेलं, नाव राहिलं. या चौकातून पायी निघालं तर मुलींची एक ना एक जुनी संस्था वाटेत लागतेच. चॅपल रोडला १८९५ची स्टॅनली, गनफाउंड्रीला १९०७ची महबूबिया आणि सुलतान बाजार ओलांडला की कोटीचं महिला महाविद्यालय. या कॉलेजच्या शतकाकडे मागे वळून पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. आता इथं मुलांनाही प्रवेश द्यायला काय हरकत आहे?

कॉलेज १९२४चं. नामपल्लीत मोजक्या मुलींनिशी सुरू झालं, तेव्हा असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. घरंदाज मुलगी बाहेर पडायची ती पडदा लावलेल्या गाडीतून. वेगळं कॉलेज हीच तिच्या शिकण्याची पहिली अट होती. ती अट पाळली म्हणून तर बापाने होकार दिला. मराठवाड्यातून आलेल्या मराठी मुलीपुढे आणखी एक भिंत होती. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि वर इंग्रजी सक्तीचं. पुरुषांचंही तेच होतं म्हणा, पण त्यांना निदान घराबाहेर पडण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणारी पोलीस ॲक्शन १९४८ साली झाली आणि पुढच्याच वर्षी कॉलेज कोटीच्या रेसिडेन्सीत आलं. इथं जरा थांबायला हवं, कारण ही वास्तू साधी नाही. इंग्रज रेसिडेंट जेम्स ॲकिलीस कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती उभारली. समोर कोरिंथियन खांबांची भव्य ओळ, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह. कर्कपॅट्रिकची बायको खैरुन्निसा हैदराबादच्या खानदानी घरातली, पडद्यात वाढलेली. ती मागच्या जनान्यात, रंगमहालात राहायची. असं सांगतात की पडद्यामुळे तिला हवेलीचा दर्शनी भाग पाहता येत नव्हता, म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी बागेत त्याच इमारतीची छोटी प्रतिकृती बांधून घेतली. रंगमहाल पुढे पाडला गेला, प्रतिकृतीचे अवशेष उरले. १८५७च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला चढवला होता. त्या दर्शनी पायऱ्या चढून १९४९पासून मुली वर्गात जाऊ लागल्या. हैदराबादच्या इतिहासातला हा बदल मला तरी कुठल्याही संस्थानाच्या विलीनीकरणाइतका मोठा वाटतो.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. ‘सुधारक’कर्त्या आगरकरांनी स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, अशी मागणी एकोणिसाव्या शतकातच केली होती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी मात्र जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून १९१६ साली स्त्रियांचं स्वतंत्र विद्यापीठ काढलं. आगरकरांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं यात वाद नाही. पण ते मान्य असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि बाकीच्या घरांतल्या मुलींना वाट पाहायला वेळ नव्हता. कर्व्यांनी त्या घरांचा हिशेब केला. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात गृहिणीपणाचं ओझं जरा जास्तच होतं, हेही सांगायला हवं.

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तेही फक्त स्त्रियांचंच होतं. ते नसतं तर पुण्या-कल्याणकडची ही मुलगी डॉक्टर झाली असती का, शंका आहे. त्या कॉलेजने १९७०च्या सुमारास पुरुषांना दार उघडलं आणि नावातला ‘वुमन’ शब्द गेला. पुढे विलीनीकरणं, दिवाळखोरी असं होत होत आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या पोटात आहे. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजच्या विश्वस्तांनी १९९० साली मुलगे घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलींनी दोन आठवडे संप करून तो निर्णय फिरवला. तीस वर्षांनी विद्यार्थीसंख्या आणि पैसा दोन्ही आटल्यावर मिल्सलाही दुसऱ्या विद्यापीठात विरून जावं लागलं. ऑक्सफर्डच्या शेवटच्या महिला कॉलेजात, सेंट हिल्डाजमध्ये, २००८ साली मुलगे आले.

त्याच २००८ साली आबिड्सच्या चॅपल रोडवर उलटंच घडलं. स्टॅनलीच्या आवारात मुलींचं नवं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. सहशिक्षणाच्या कॉलेजांत मुलींसाठी तेहतीस टक्के जागा राखीव असताना निघालं, हे महत्त्वाचं. म्हणजे दुसरीकडे जागा नाही म्हणून मुली इथं येतात, असं म्हणायची सोय नाही. काही स्वतःच्या पसंतीने येतात. काहींच्या घरी मात्र ‘लेडीज कॉलेज असेल तरच’ हे वाक्य अजून संपलेलं नाही. या दोन्ही मुली एकाच बाकावर बसतात आणि प्रवेशाच्या आकड्यात त्या वेगळ्या दिसत नाहीत.

कोटीचा निर्णयही त्याच दिशेचा. २०२२ साली सरकारने या कॉलेजचं महिला विद्यापीठ केलं. २०२४ साली त्याला चाकली इलम्मांचं नाव दिलं. जमीनदाराविरुद्ध आपल्या शेतासाठी उभी राहिलेली, परीट समाजातली ही तेलंगणातली बाई. रेसिडेंटच्या हवेलीला तिचं नाव, याला म्हणतात काळाचा फेरा!

माझं मत विचाराल तर कोटीने इतक्यात मुलगे घेऊ नयेत. मुलांना या शहरात कॉलेजं कमी नाहीत. निजाम कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. पण वेगळं ठेवायचं तर वेगळेपणाच्या नावाखाली विषय कमी, प्रयोगशाळा जुनी, संध्याकाळी ग्रंथालय लवकर बंद, असं चालणार नाही. ते होत असेल तर आगरकर बरोबर होते असं म्हणून दार उघडावं. चॅपल रोडच्या स्टॅनलीसारख्या खासगी महाविद्यालयाबद्दल मी आग्रह धरणार नाही, तिथल्या मुलींनीच ठरवावं. आणि कुठल्याही संस्थेपुढे असा प्रस्ताव आला, तर कौल फक्त आतल्या विद्यार्थिनींचा घेऊ नका. ज्या मुलींचं शिक्षण बारावीनंतर थांबलं, त्यांच्या आयांना आधी विचारा.