जिना, खुर्ची आणि लिफ्ट

गोत्रीत स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक व्यवसायबंधूंची घरे एकाच साच्यातील आहेत. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि मागे धुण्याभांड्यांची चोकडी. वर निजायच्या खोल्या. आणि या दोहोंना जोडणारा तीन फुटी, कोटा लादीचा, मध्ये वळण घेणारा जिना. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील वाड्यांचे उभे लाकडी जिने सोडून आपण इकडे आलो तेव्हा हा जिना आपल्याला चांगला ऐसपैस वाटला होता. त्या वेळी आपण पस्तिशी-चाळिशीत होतो. आता आपल्यापैकी पुष्कळांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि रुग्णांना ‘जिना टाळा’ असे लिहून देणारे आपण रात्री कठडा धरून वर जातो.

मी फिजिशियन आहे, लिफ्टचा जाणकार नव्हे. परंतु माझ्या घरात या कामाची दोन यंत्रे बसली, एक घाईने आणि दुसरे विचाराने. पहिल्याची निवड चुकली. ती का चुकली हे सांगितल्यास इतरांचे श्रम आणि पैसा वाचेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

२०१५ साली आईचे वय एकोणऐंशी होते. दोन्ही गुडघे झिजलेले, आणि शस्त्रक्रियेस तिचा ठाम नकार. ‘अरे, या वयात मला कापू नका रे,’ एवढेच तिचे उत्तर. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना बरा पाय आधी, हे तिला शिकवून झाले होते. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. त्यामुळे तिचे उतरणे हळूहळू दिवसातून एकदाच होऊ लागले. मी जिन्यावर चालणारी खुर्ची बसविण्याचे ठरविले. कंपनीचा माणूस आला, त्याने जिना बारकाईने मोजला, आणि तीन महिन्यांनी वळणाचा रूळ आणि त्यावरची खुर्ची घरात आली. आई खुश झाली. पहिल्या दिवशी ती सहा वेळा खाली-वर करून आली.

हे सुख दीड वर्ष टिकले. मग वरच्या टोकाला खुर्चीवरून उठताना तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले. वळायचे म्हटले की ती थबके. एकदा अर्धवट वळलेल्या स्थितीत ती जिन्याच्या तोंडाशी अडकली आणि सौ.ने तिला केवळ नशिबाने सावरले. निदान सरळ होते : कंपवात, म्हणजे पार्किन्सन. पण खरी बोच पुढेच आहे. आईने चकलीच्या भाजणीचे प्रमाण लिहून दिलेला एक कागद स्वयंपाकघरात होता, तारीख २०१४ ची. अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलेले. तो कागद मी रोज पाहत होतो. परक्या रुग्णाचा असता तर मी त्याला चालून दाखवायला सांगितले असते. आईचे मी फक्त गुडघे पाहिले.

पुढचे अकरा महिने ती खाली आली नाही. तिची तुळस आणि देवघर खाली होते.

विक्रेत्याचा माणूस जिना मोजतो, रुग्ण मोजण्याचे काम आपले, हे मी तेव्हा शिकलो. जिन्याच्या खुर्चीसाठी रुग्णाला काय जमले पाहिजे ते पाहा. स्वतः बसता-उठता आले पाहिजे, पाठीचा तोल धरून बसता आले पाहिजे, वरच्या टोकाला खुर्ची फिरवून जागच्या जागी उतरता आले पाहिजे, आणि प्रवासभर बटण किंवा दांडी दाबून धरता आली पाहिजे, कारण बोट सुटले की खुर्ची थांबते. अर्धांगवायूत धड सावरत नसेल, स्मृतिभ्रंशात मध्येच उठण्याची सवय असेल, तर खुर्ची धोक्याची. गुडघा वाकतच नसेल तर ताठ पाय समोरच्या भिंतीला घासतो. तीन फुटी जिन्यात ही अडचण हमखास येते. आणि ज्याला चाकाच्या खुर्चीतून हलवावे लागते, त्याला एक खुर्ची वर आणि एक खाली अशा दोन लागतात, शिवाय दोन्ही टोकांना उचलणारा माणूस.

उलट केवळ गुडघेदुखी, दम लागणे, शस्त्रक्रियेनंतरची अशक्तता, अशांना ती उत्तम. रूळ भिंतीला नव्हे, पायऱ्यांना ठोकला जातो, त्यामुळे भिंत तोडावी लागत नाही. यंत्र बॅटरीवर चालते; वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. मात्र चार्जिंगच्या जागा बहुधा रुळाच्या टोकांनाच असतात. खुर्ची मध्येच उभी ठेवली तर बॅटरी उतरते, हे घरातील नोकरमाणसांनाही सांगून ठेवावे. साडीचा पदर आणि धोतराचा सोगा रुळापासून दूर राहील असा पट्टा बांधण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे; परदेशी माहितीपत्रकांत तो नसतो.

पैशाबद्दल एकच गोष्ट सांगतो. सरळ जिन्याचा रूळ लांबीनुसार कापून बसविता येतो. वळणाचा रूळ त्या एकाच जिन्यासाठी घडवावा लागतो. तो बराच महाग पडतो आणि दुसऱ्या घरी कोणाच्या उपयोगी पडत नाही. आपले जिने बहुतेक वळणाचेच.

आता लिफ्टविषयी. बडोद्याला लिफ्ट नवी नाही. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातही तिची सोय करण्यात आली होती. ‘दोर तुटला तर?’ हा प्रश्न मला आईनेही विचारला. त्याचे उत्तर एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिले : स्वतः उंच फळीवर उभे राहून दोर कापविला, आणि फळी काही इंच घसरून खाचांत अडकून थांबली. आजच्या दोराच्या लिफ्टमध्येही वेग वाढताच रुळांना घट्ट पकडणारे जबडे असतात. माझ्या मते घरात खरी भीती पडण्याची नसून अडकण्याची आणि दाराची आहे. म्हणून जुन्या पद्धतीचा जाळीचा दरवाजा घेऊ नये. त्यात बोटे सापडतात. बाहेर उघडणारे किंवा बाजूला सरकणारे, बाहेरून किल्लीने उघडता येणारे दार घ्यावे. आत कोणी कोसळले तर आत उघडणारे दार उघडणार नाही, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

घरगुती लिफ्टचे चार प्रकार साधारणपणे मिळतात. दोर आणि प्रतिभार असलेली लिफ्ट परिचित आहे, दुरुस्ती करणारे सहज मिळतात, पण तिला खाली खड्डा आणि वर उंची जास्त लागते. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये तेलाच्या दाबाने दट्ट्या केबिन उचलतो. वीज गेल्यास बॅटरीच्या आधारे झडप उघडून ती हळूच खाली आणता येते. स्क्रूच्या लिफ्टला खड्डा फार थोडा लागतो, पण ती संथ आहे, आवाज करते, आणि तिच्या काही बनावटींत बटण सतत दाबून धरावे लागते. कंप असणाऱ्या हाताला हे जमेल का, ते आधी करून पाहावे. हवेच्या निर्वातावर चालणारी काचेसारखी गोल नळी दिसायला देखणी. लहान नळीत मात्र चाकाची खुर्ची मावत नाही.

माप हाच माझ्या मते निर्णायक मुद्दा आहे. चाकाची खुर्ची आणि सोबत एक माणूस यांना आत सुमारे ११०० बाय १४०० मिलिमीटर जागा आणि ८०० ते ९०० मिलिमीटरचे दार पाहिजे. ‘आता चालता येते, लहान पुरेल’ असा विचार करून जागा वाचविणारे पुढे माझ्यासारखेच दुसऱ्यांदा खर्च करतात. जिन्याच्या पोकळीत एवढी जागा क्वचित निघते. स्लॅब कापायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखविल्याशिवाय छिन्नीही लावू देऊ नये. आम्ही शेवटी चोकडीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी चौकट उभारून वरच्या खिडकीचे दार केले. त्यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेचा प्रश्न आला, आणि महानगरपालिकेची परवानगी व सोसायटीची संमती यांत चार महिने गेले. शिवाय गुजरातेत २००० सालचा लिफ्ट व एस्केलेटरविषयक कायदा आहे. बसविण्यापूर्वी परवानगी आणि तपासणीनंतर परवाना, असा त्याचा क्रम आहे. ‘घरच्या लिफ्टला काही लागत नाही’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्याकडून ते लेखी मागावे.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? आईची खाट खाली आणली की झाले. हा सल्ला मी स्वतः अनेकांना दिला आहे, आणि खाली न्हाणीघर व थोडा एकांत असेल तर आजही देतो. परंतु आपल्या शहरात त्याला दुसरी बाजू आहे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यावर एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने काठच्या वस्त्यांत तळमजले बुडविले. अंथरुणाला खिळलेला माणूस तळमजल्यावर असेल तर पहिल्या फूटभर पाण्यातच त्याला वर कसे न्यायचे? वीज तर तोवर गेलेलीच असते.

आमची लिफ्ट २०१८ मध्ये बसली होती. २०१९ च्या त्या दिवशी दुपारीच आम्ही आईला वर नेले, केबिन वरच्या मजल्यावर उभी केली आणि मुख्य स्विच बंद केला. रात्री खड्डा पाण्याने भरला. बसविताना नियंत्रणपेटी वरच्या मजल्यावर घ्यायची सूचना एका वयस्क वायरमनने केली होती. त्यामुळे नुकसान झाले नाही. पाणी उपसून, तपासणी होईपर्यंत नऊ दिवस लिफ्ट बंद ठेवली. ज्यांच्याकडे पंप आणि पेटी खालीच आहे त्यांनी निदान जोत्याच्या वर तीन फूट ती उचलून घ्यावी.

एक सूचना धडधाकट मंडळींसाठी. जिना चढण्याची ताकद आहे तोवर चढावा. मांडीचे स्नायू वापरले नाहीत तर झपाट्याने जातात. दोन्ही बाजूंना कठडे, पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, रात्रीचा दिवा, आणि उतरताना वाचायचा चष्मा खिशात. प्रोग्रेसिव्ह भिंगातून खालची पायरी धूसर दिसते. मात्र बांधकाम चालू असलेल्यांनी आजच एका कोपऱ्यात वरखाली दोन कोठाराच्या खोल्या एकाखाली एक ठेवून द्याव्यात, मधला स्लॅब पुढे काढता येईल असा. तेवढ्याने वीस वर्षांनंतरचे अर्धे काम होते.

आई २०२१ मध्ये गेली. शेवटची तीन वर्षे ती रोज सकाळी खुर्चीसकट खाली येऊन तुळशीला पाणी घालीत असे. तांब्या आम्ही धरायचो. जिन्यावरचा जुना रूळ अजून तसाच आहे. विकत घेणारा कोणी नाही, आणि काढला तर कोटा लादीला भोके दिसतील म्हणून सौ. काढू देत नाही. धुतलेल्या कपड्यांची टोपली ती त्या खुर्चीवर ठेवते, पट्टा बांधते आणि वर पाठवते.